खाल्लेलं अंगी का लागत नाही

जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणावर गेली तीसेक वर्षं जो वाद चालू आहे, त्यात दोनच पक्ष ऐकू येतात. एक म्हणतो, अन्नच पोचत नाही. रोजगार हमीची मजुरी थकलेली, रेशन अपुरं, अंगणवाडीचा आहार निम्मा कागदावर. दुसरा म्हणतो, अन्न पोचतं, पण कमी वयातली लग्नं, लागोपाठची बाळंतपणं, भगतावरचा विश्वास यांत ते वाया जातं. पहिल्या पक्षात कार्यकर्ते असतात, दुसऱ्यात बहुधा अधिकारी. माझ्या मते पहिल्याचं बरंच खरं आहे आणि दुसऱ्याचं थोडं. पण दोघंही एक गोष्ट न बोलता धरून चालतात: घास पोटात गेला की काम झालं. ताट आणि वजनकाटा यांच्यामध्ये आतड्याचं एक अस्तर आहे, त्याच्या पेशी आजारी असू शकतात आणि मूल आजारी न दिसताही त्या आजारी असू शकतात, ही गोष्ट या वादात जवळजवळ येतच नाही. वैद्यकशास्त्रात मात्र ती साठ वर्षं येते आहे. गेल्या सात-आठ वर्षांत तर ती एका अनपेक्षित दिशेने, श्रीमंत देशांतल्या आतड्याच्या दाहाच्या आजारांवरच्या संशोधनातून, नव्याने उजळून निघाली आहे. तिचा हा आढावा.

आधी जागेबद्दल. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभरावर बालकं दगावली, आणि मुंबईपासून दीडशे किलोमीटरवर असलेल्या या डोंगराळ मुलखाचं नाव पहिल्यांदा राज्यभर झालं. तेव्हा तो ठाणे जिल्ह्यात होता. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. वावर-वांगणीनंतर १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली, २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन आलं, २०१५ मध्ये अमृत आहार योजना आली. तरी २०१६ च्या पावसाळ्यात मोखाड्यातल्या खोच गावी एक मूल गेल्यावर तिथे पोचलेल्या पालकमंत्री विष्णू सवरा यांना गावकऱ्यांच्या संतापाला तोंड द्यावं लागलं. राज्याचे आकडेही हलत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी होती, पाचव्या फेरीत ३५.२. उंचीच्या मानाने बारीक मुलांचं प्रमाण दोन्ही वेळा २५.६. या काळात योजना वाढल्या, निधी वाढला, अंगणवाड्यांमधले वजनकाटेसुद्धा सुधारले. ज्यांनी ग्राम बाल विकास केंद्रं जवळून पाहिली आहेत त्यांना एक चित्र चांगलं माहीत असतं: दिवसातून अनेक वेळा खाऊ घालून मूल ‘सॅम’मधून, म्हणजे तीव्र कुपोषणातून, ‘मॅम’मध्ये, म्हणजे मध्यम कुपोषणात, येतं, घरी जातं, आणि एक-दोन जुलाबांच्या फेऱ्यांनंतर पुन्हा जिथल्या तिथे. वजन भरून निघतं, उंची निघत नाही.

आता ते अस्तर. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे उभे रसांकुर असतात, अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे, निरोगी माणसात बोटांसारखे. त्यांच्यामुळे आतड्याचा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. जुन्या पाठ्यपुस्तकांत तो टेनिसच्या मैदानाएवढा असल्याचं छापलेलं असे. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या दोघा संशोधकांनी पुन्हा मोजणी केली तेव्हा तो तीस-बत्तीस चौरस मीटर निघाला, म्हणजे बॅडमिंटनचं अर्धं मैदान. या सगळ्या पृष्ठभागावर पेशींचा थर असतो फक्त एक. एका बाजूला अन्न, जंतू, विष्ठा. दुसऱ्या बाजूला रक्त. मध्ये एका पेशीची जाडी. हा थर तीन ते पाच दिवसांत पूर्ण बदलतो. रसांकुरांच्या बुडाशी असलेल्या खळग्यांत मूळपेशी असतात, त्या विभागत राहतात, नव्या पेशी वर सरकत जातात आणि टोकाशी पोचल्या की गळून पडतात. वर सरकताना त्यांचं काम ठरतं. बहुसंख्य शोषक पेशी होतात. काही चषक पेशी होऊन चिकट श्लेष्मा सोडतात. काही हार्मोन सोडतात, तर टफ्ट पेशी जंत आणि एकपेशी परजीवींची चाहूल घेतात. उलट खाली, खळग्याच्या तळाशीच राहतात त्या पॅनेथ पेशी: जोसेफ पॅनेथ याने १८८८ मध्ये वर्णन केलेल्या, जंतुनाशक प्रथिनांनी भरलेल्या, मूळपेशींना खेटून बसलेल्या. शेजारच्या दोन पेशींमध्ये प्रथिनांचे घट्ट सांधे असतात, जेणेकरून पोषकद्रव्यं पेशीतून जावीत, फटीतून काही जाऊ नये.

आतड्याच्या दाहाच्या दोन मोठ्या आजारांत, म्हणजे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, हीच व्यवस्था बिघडते. क्रोन्सचं वर्णन १९३२ मध्ये न्यू यॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी केलं. पुढची कित्येक दशकं हा प्रतिकारशक्तीचा आजार, अस्तर बिचारं मार खाणारं, असंच चित्र रंगवलं गेलं. ते बदलू लागलं २००१ पासून, जेव्हा क्रोन्सशी जोडलेलं पहिलं जनुक, नॉड-टू, सापडलं. मग २००७ मध्ये दुसरं एक जनुक सापडलं, पेशीतली अडगळ साफ करणाऱ्या यंत्रणेतलं, आणि पुढच्याच वर्षी दिसलं की त्यात दोष असला की पॅनेथ पेशींतले जंतुनाशकाचे दाणेच विस्कटतात. म्हणजे अस्तर केवळ मार खात नव्हतं, पहारा ढिला सोडत होतं. कोलायटिसमध्ये चषक पेशी रोडावतात आणि श्लेष्माचा थर पातळ होतो. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात, जिथे पॅनेथ पेशी नसायला हव्यात, तिथे त्या उगवतात.

२०१९ मध्ये एकेका पेशीतली जनुकं स्वतंत्रपणे वाचण्याचं तंत्र या आजारांना लागू झालं. बोस्टनच्या एका गटाने १८ कोलायटिसग्रस्त आणि १२ निरोगी माणसांच्या मोठ्या आतड्यातल्या साडेतीन लाखांहून अधिक पेशी वाचल्या आणि त्यांचे ५१ प्रकार वेगळे केले. निरोगी मोठ्या आतड्यात क्वचित दिसणाऱ्या, जंतू आत ओढून घेणाऱ्या एम पेशींसारख्या पेशी रुग्णांत वाढलेल्या होत्या. महागड्या जैविक औषधांना रुग्ण दाद देईल की नाही, याचा अंदाज अस्तराखालच्या एका विशिष्ट तंतूपेशीवरून बांधता येतो असंही दिसलं. ऑक्सफर्डच्या गटाने त्याच वर्षी आम्लतेची जाणीव ठेवणारी एक नवीच पेशी दाखवली. २०२० मध्ये जपानमधल्या दोन गटांनी त्याहून विलक्षण गोष्ट मांडली: वर्षानुवर्षं दाह सोसलेल्या आतड्यात अस्तराचे मोठाले पट्टे अशा पेशींनी व्यापलेले असतात ज्यांच्यात दाहाच्या संदेशवहनातल्या जनुकांची उत्परिवर्तनं झालेली आहेत. दाहात तग धरू शकणाऱ्या पेशी टिकल्या आणि पसरल्या. अस्तर पुन्हा भरून येतं, पण आलेलं अस्तर पूर्वीचं नसतं.

आता कुणीही विचारेल, क्रोन्सचा मोखाड्याशी काय संबंध? क्रोन्स तिथे कुणाला झाला तरी त्याला बहुधा आतड्याचा क्षयच समजलं जाईल, आणि ते सर्वस्वी चूकही नाही. लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी होणारा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीतून इतके सारखे दिसतात की भारतभरचे नामांकित तज्ज्ञसुद्धा कित्येकदा आधी क्षयाची औषधं देऊन पाहतात. पण संबंध आहे तो वेगळ्या आजारामुळे. त्याला आजार म्हणावं की नाही यावरही वाद आहे, कारण त्यात ना पोट दुखतं, ना रक्त पडतं. पूर्वी त्याला उष्ण प्रदेशातली आंत्रविकृती म्हणत. आता परिसरजन्य आंत्रविकृती म्हणतात, कारण दोष हवामानाचा नसून परिसराचा आहे हे कळलं.

ते कळण्याची गोष्ट मोठी रंजक आहे आणि तिचे महत्त्वाचे धागे आपल्याच उपखंडातले आहेत. साठच्या दशकात अमेरिकेच्या पीस कोअरचे धडधाकट तरुण स्वयंसेवक पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, राहायला आले. जॉन लिंडेनबॉम या डॉक्टराने त्यांच्या आतड्यांचे तुकडे तपासले तेव्हा काही महिन्यांतच रसांकुर आखूड, रुंद आणि दाहयुक्त झालेले दिसले, अन्नशोषण घटलेलं दिसलं. ही मुलं उपाशी नव्हती, त्यांना कुणी अज्ञानी म्हणू शकत नव्हतं. मायदेशी परतल्यावर त्यांची आतडी सुधारली. १९७१ मध्ये याच गटाने न्यू यॉर्कमध्ये राहणाऱ्या भारतीय आणि पाकिस्तानी माणसांवरचा अभ्यास छापला: तिकडे जितकी जास्त वर्षं काढली, तितकं आतडं सुधारलेलं. मात्र सुधारणा महिन्यांत नव्हे, वर्षांत मोजावी लागली.

दरम्यान वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सेल्विन बेकर आणि त्यांचे सहकारी उलट्या टोकाने त्याच प्रश्नाकडे आले होते. दक्षिण भारतातल्या वरकरणी निरोगी माणसांच्या आतड्यातले रसांकुर पाश्चात्त्य पुस्तकातल्यासारखे बोटांसारखे का नसतात, पानांसारखे किंवा कड्यांसारखे का असतात? हा वंशाचा गुण असेल का? १९६९ मध्ये त्यांनी शवविच्छेदनांतून मिळालेल्या आतड्यांचा अभ्यास छापला. त्यात गर्भांची आतडीही होती. गर्भात रसांकुर अगदी बोटांसारखे, जगात कुठेही असतात तसे. बदल जन्मानंतर सुरू होतो. भारतीय मूल निरोगी आतडं घेऊन येतं आणि परिसर ते बदलतो. इतका निर्णायक शोध आपल्याच देशात लागला, आणि आपल्या पोषणधोरणांत त्याचा मागमूस नाही, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

वाढीशी त्याचं नातं दाखवलं गाम्बियातल्या अभ्यासाने. पीटर लन यांनी तिथल्या खेड्यातल्या बाळांना दोन शर्करा पाजून त्या लघवीत किती उतरतात ते मोजलं. एक शर्करा निरोगी अस्तरातून सहज शोषली जाते, दुसरी फटी असल्या तरच आत शिरते. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी मांडलं की बाळांच्या खुंटलेल्या वाढीतला ४३ टक्के भाग या गळक्या अस्तराशी जोडता येतो. कसं, हे पुढे उलगडत गेलं. रसांकुर आखडले की शोषण कमी होतं हे सरळच. पण त्याहून मोठं नुकसान गळतीने होतं. जंतूंचे अंश रक्तात झिरपतात, शरीर सतत हलक्या दाहाच्या अवस्थेत राहतं, आणि दाह चालू असताना यकृत वाढीचा संप्रेरक संदेश, आयजीएफ-वन, कमी बनवतं. झिंबाब्वेतल्या बुटक्या राहिलेल्या बाळांत अगदी पहिल्या महिन्यांपासून दाहाचे निदर्शक चढे आणि आयजीएफ-वन उतरलेलं सापडलं. बालरोगतज्ज्ञांना ही जोडी ओळखीची आहे. क्रोन्स झालेली युरोप-अमेरिकेतली मुलंसुद्धा पोटभर अन्न समोर असताना बुटकी राहतात, आणि कारण हेच.

दोन आजारांची ही भेट पुढे पेशींच्या पातळीवरही झाली. २०२२ मध्ये झांबियाची राजधानी लुसाका इथल्या ११ प्रौढांच्या लहान आतड्याच्या तुकड्यांतली एकेक पेशी वाचली गेली. तुलनेला बोस्टन आणि डर्बनमधली माणसं होती. ज्यांचे रसांकुर अधिक आखडलेले, त्यांच्यात एक चमत्कारिक पेशी वाढलेली सापडली: आतड्यात असूनही जठराच्या पृष्ठभागावरच्या पेशीसारखी वागणारी, श्लेष्मा सोडणारी. मूळपेशींना ‘वाढा’ आणि ‘हे काम घ्या’ असं सांगणारे संदेशही बिघडलेले होते. गळती कमी असण्याशीही याच पेशींचा संबंध दिसला. म्हणजे अस्तराने एक सौदा केला असावा: शोषण सोडायचं आणि भिंत वाचवायची. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेतल्या संशोधकांनी जगभरचे २५ अभ्यास एकत्र करून २७१ माणसांच्या पचनमार्गातल्या १६ लाख पेशींचा नकाशा केला. त्यात क्रोन्सच्या आणि सीलिअॅक या आतड्याच्याच दुसऱ्या आजाराच्या रुग्णांमध्ये जठरातल्या ग्रंथींसारख्या पेशींचं एक रूप त्यांना ठळकपणे दिसलं. आतापर्यंत या पेशीला दुरुस्तीचं काम करणारी मानत. या नकाशात मात्र ती मूळपेशींपासून निघून प्रतिकारपेशींना बोलावणारे संदेश सोडताना दिसते. जखम बुजवायला आलेला गवंडीच आग धुमसत ठेवतो आहे, असा संशय आहे.

लुसाकातली पेशी आणि क्रोन्समधली पेशी एकच, असं म्हणण्याइतका पुरावा नाही. ठिकाण वेगळं, तीव्रता वेगळी. पण सतत डिवचलेलं मानवी आतडं ठरावीक काही मार्गांनीच बदलतं, मग डिवचणारं काहीही असो, हे आता बरंच स्पष्ट झालं आहे. आणि यातली विषमता नजरेतून सुटत नाही. क्रोन्सवर जगात अब्जावधींची औषधं विकली जातात. परिसरजन्य आंत्रविकृती कोट्यवधी मुलांना असूनही तिच्यावरचं एकही औषध दुकानात मिळत नाही, आणि निदानाची सोपी चाचणीही नाही.

कारण परिसर आहे, तर परिसर सुधारा: इतकं सरळ वाटतं. २००९ मध्ये जीन हंफ्री यांनी ‘लॅन्सेट’मध्ये हाच सिद्धान्त मांडला. मुलांच्या वाढीचा खरा शत्रू जुलाब नसून रोज थोडी थोडी पोटात जाणारी विष्ठा आणि तिने आजारी पडणारं आतडं आहे. संडास आणि हात धुणं हा उपाय. आपल्याकडे याला आधार देणारा एक प्रयोग आधीच होऊन गेला होता, तोही महाराष्ट्रात. २००४ मध्ये जागतिक बँक आणि महाराष्ट्र सरकारने अहमदनगर, नांदेड आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत प्रत्येकी साठ गावं निवडून निम्म्या गावांत हागणदारीमुक्तीची मोहीम चिठ्ठ्या टाकून घ्यायचं ठरवलं. प्रत्यक्षात ती फक्त नगरमध्ये झाली. नंदुरबार आदिवासी जिल्हा आहे आणि नांदेड मराठवाड्यातला, हे लक्षात घेतलं की कोण मागे राहतं याचा आणखी पुरावा लागत नाही. जेफ्री हॅमर आणि डीन स्पिअर्स यांनी पुढे हिशोब मांडला: नगरच्या मोहिमेतल्या गावांत चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण एक सेंटिमीटरने जास्त निघाली.

मग मोठे प्रयोग झाले आणि सगळ्यांचे हात पोळले. ओडिशात पुरी जिल्ह्यात संडास बांधून दिले, मध्य प्रदेशात बांधून दिले. ना जुलाब घटले, ना उंची वाढली. २०१८ आणि २०१९ मध्ये बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेतले तीन भव्य अभ्यास प्रसिद्ध झाले, यांपैकी झिंबाब्वेतला खुद्द हंफ्रींचा. सुधारित संडास, हात धुण्याची सोय, पाण्यात क्लोरीन. बांगलादेशात जुलाब लक्षणीय घटले, इतरत्र तेही नाही. उंचीत फरक तिन्ही ठिकाणी शून्य. पूरक आहाराने मात्र तिन्हीकडे थोडा का होईना फरक पडला. काहींनी यावरून सिद्धान्तच मोडीत काढला. मला ते घाईचं वाटतं. या प्रयोगांतला संडास म्हणजे खड्ड्यावरची झाकणवाली बैठक, पाणी तेच दूरचं, अंगणात कोंबड्या-बकऱ्या त्याच, मूल मातीत तसंच रांगणारं. जंतूंचा भार निम्म्यावर आला असेल, पण निम्म्यानेही आतडं बिघडतंच. न्यू यॉर्कला गेलेल्या भारतीयांचं आतडं सुधारलं ते त्यांना हात धुवायला शिकवलं म्हणून नव्हे. घरात चोवीस तास नळ, जमिनीखाली गटार आणि पायाखाली फरशी होती म्हणून. या अभ्यासांनंतर तज्ज्ञांनी जे संयुक्त निवेदन काढलं त्यातही हेच आहे: स्वस्तातली स्वच्छता पुरणार नाही, आमूलाग्र हवी.

आणि इथे मोखाडा आपल्या ऐन रूपात समोर येतो. तालुक्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. वैतरणेवरचं मुंबईचं मध्य वैतरणा धरण मोखाड्यातल्याच कोचाळ्यापाशी उभं. त्याच तालुक्यात मार्चपासून टँकर सुरू, पाड्यावरच्या बायका खोल विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतायत. वर्तमानपत्रांत हे छायाचित्र दरवर्षी येतं, बातमी तहानेची म्हणून. मी म्हणतो ती आतड्याची बातमी आहे. दोन हंड्यांवर घर चालतं तेव्हा मुलाचं ढुंगण धुतल्यावर हात साबणाने धुवायला पाणी कोण घालवणार? पाण्याविना बांधलेल्या संडासात लाकूडफाटा ठेवला जातो, याचं हसू येणाऱ्यांनी तो हंडा एकदा चढावरून वाहून बघावा. कागदावर सगळा ग्रामीण महाराष्ट्र २०१८ मध्येच हागणदारीमुक्त झालेला आहे.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. लोकसंख्येत नव्वद टक्क्यांहून अधिक असलेले वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी भात-नागली-वरई काढून झाली की दिवाळीनंतर जगायला बाहेर पडतात: भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, रेतीवर. परततात होळीला किंवा थेट पावसाच्या तोंडावर. अंगणवाडीच्या हिशोबात हा काळ म्हणजे ‘मूल गैरहजर’. आतड्याच्या हिशोबात हा काळ म्हणजे सहा महिन्यांचं बाळ भट्टीशेजारच्या झोपडीत, डबक्यातलं किंवा टँकरचं पाणी, नाला उघडा, आई दिवसभर कच्च्या विटा थापतेय. नेमकं वरचं अन्न सुरू होण्याचं, म्हणजे अस्तराच्या सर्वाधिक नाजूकपणाचं वय. गावी जे चार महिने अंडं-केळं मिळालं, ते या सहा महिन्यांत कुठे जातं हे वेगळं सांगायला नको.

लसींचाही इथे संबंध येतो. तोंडावाटे दिलेली लस याच अस्तरातून काम करते. पोलिओचे थेंब भारतीय मुलांत पाश्चात्त्य मुलांइतके रुजत नाहीत, हे वेल्लोरच्या टी. जेकब जॉन यांनी सत्तरच्या दशकातच दाखवलं होतं. रोटाव्हायरसवरची भारतीय लस दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू इथे सुमारे ६,८०० बाळांवर तपासली गेली; २०१४ मध्ये आलेल्या निकालात गंभीर जुलाबांपासून संरक्षण निघालं ५५ टक्क्यांच्या आसपास. श्रीमंत देशांत अशाच लसींचं ते ८५ ते ९८ टक्के असतं. लस द्यायलाच हवी, निम्मे गंभीर जुलाब टळणं ही लहान गोष्ट नाही. राहिलेल्या फरकात इतर कारणंही आहेत, आईच्या दुधातली प्रतिद्रव्यं हे एक. पण आतड्याचं अस्तर त्यातला एक मोठा संशयित आहे.

उपचार म्हणून काय काय करून झालं? मलावीत प्रतिजैविक, जंतनाशक, झिंक देऊन पाहिलं, परिणाम तुटपुंजे. केनियात कोलायटिसवरचं नेहमीचं औषध, मेसालाझिन, तीव्र कुपोषित ४४ मुलांना २८ दिवसांच्या चाचणीत तपासलं गेलं. ते सुरक्षित ठरलं आणि दाहाचे निदर्शक थोडे उतरले. लुसाका आणि हरारेत क्रोन्सवरचं स्टेरॉइडही रुग्णालयातल्या मुलांवर तपासलं गेलं. हे प्रयोग मला महत्त्वाचे वाटतात ते औषध सापडेल म्हणून नव्हे. कुपोषित मुलाचं आतडं हे दाहाने आजारी आतडं आहे, हे त्यांनी मान्य केलं म्हणून.

खरी आशा अन्नातच आहे, आणि तिथेही क्रोन्सने वाट दाखवली आहे. क्रोन्स झालेल्या मुलांवरचा पहिल्या पसंतीचा इलाज स्टेरॉइड नव्हे, तर सहा ते आठ आठवडे फक्त ठरावीक पोषक पेय हा आहे, आणि त्याने अस्तर खरोखर भरून येतं. अन्न म्हणजे केवळ उष्मांक नव्हेत. आतड्यात कोण राहावं हेही अन्नच ठरवतं. ढाक्यात तहमीद अहमद आणि अमेरिकेतले जेफ्री गॉर्डन यांनी याचा पाठपुरावा केला. २०२० मध्ये त्यांनी दाखवलं की बुटक्या मुलांच्या लहान आतड्यात चौदा जीवाणूंचा एक समान गट आढळतो. तो जितका दाट, तितकी उंची कमी आणि दाहाची प्रथिनं जास्त. तिथले जीवाणू निर्जंतुक उंदरांत घातल्यावर उंदरांनाही आंत्रविकृती झाली. २०२१ मध्ये त्यांनी ढाक्यातल्या मीरपूर झोपडपट्टीत सव्वाशेच्या आसपास मध्यम कुपोषित मुलांवर एक आहार तपासला: हरभऱ्याचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ, सोयाबीन आणि कच्ची केळी. तुलनेला नेहमीचा तयार पूरक आहार होता, ज्यात उष्मांक जास्त होते. तरी तीन महिन्यांत वजन अधिक वेगाने वाढलं ते हरभरा-केळीवाल्या गटात.

यादी पुन्हा वाचावी. त्यातली एकही वस्तू पालघरला परकी नाही. केळीसाठी तर वसई पिढ्यान्पिढ्या ओळखली जाते. अमृत आहारात मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं मिळतं, आणि ती योजना कागदावर तरी चांगलीच आहे. पण अंगणवाडीच्या आहाराचा विचार अजून ‘किती उष्मांक, किती ग्रॅम प्रथिनं’ एवढ्यावरच थांबतो, आणि दर काही वर्षांनी पाकीटबंद ठेक्याचा वाद त्यावर स्वार होतो. नागलीचं मोड आणून केलेलं सत्त्व, हरभरा, शेंगदाणा, कच्चं केळं यांचं इथल्या बायकांनी शिजवलेलं मिश्रण आणि पाकीट यांची समोरासमोर तुलना करणारी चाचणी जव्हारमध्ये करायला अवकाशयानाचं तंत्र लागत नाही. तयारी लागते ती वजनाबरोबर आतडं मोजण्याची.

ते कसं मोजायचं, यावर मात्र सावध राहायला हवं. पेशी पाहायच्या तर दुर्बीण घालून तुकडा काढावा लागतो. ढाक्यातसुद्धा ती परवानगी सरसकट नव्हती: आधी मुलांना महिनोन्‌महिने अंडं-दूध खाऊ घातलं, तरी जी वाढली नाहीत, ज्यांना दुसरं कारण शोधण्यासाठी तपासणीची गरजच होती, अशा ११० मुलांवर ती झाली आणि त्यांतल्या ८० मुलांत आंत्रविकृती सिद्ध झाली. जिथे सिझेरियनसाठीही बाईला कित्येकदा जव्हारहून पुढे नाशिकला पाठवतात, तिथे मुलांना भूल देऊन दुर्बिणी घालायची भाषा कुणी करू नये. आदिवासी पाड्यांना नमुन्यांची खाण समजण्याचा आपल्या संशोधकांचा इतिहासही फार अभिमानाचा नाही. शौचातले दाहाचे निदर्शक आणि लन यांची दोन शर्करांची लघवीची चाचणी एवढ्यावर बरंच काम भागतं. नमुना गोठवून मुंबईला न्यायला शीतपेटी लागते, आणि ती लसींसाठी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच आहे. अशी मोजणी दोनदा झाली पाहिजे: एकदा दिवाळीआधी, कुटुंब गावात असताना, आणि एकदा भट्टीवर.